सायकल : वैभव आणि वनवास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या वाटचालीचा इतिहास अधिकारी व्यक्ती लिहितीलच. प्रस्तुत लेखक इतिहास हा विषय घेऊन बी. ए. झालेला एक केंद्र सरकारी नोकर; तेव्हा राजेरजवाड्यांपेक्षा आपल्या सर्वांच्या घरात वावरलेल्या एका वाहनाचा इतिहास सांगावा, असे मनात आले. आपल्यापैकी अनेकांचे वडील नोकरीसाठी या मुलखात आले, तेव्हा त्यांच्या सामानात वळकटी आणि ट्रंकेबरोबर, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून का होईना, एक सायकलही आली होती.

निमित्त मात्र प्रकृतीचे घडले. गेल्या वर्षी रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रोज सायकल चालविण्याचा सल्ला दिला आणि पुढच्याच वाक्यात, ‘पण रस्त्यावर नको हं’, असे बजावले. त्यामुळे सज्जात एका जागी खिळलेली सायकल आणून मी रोज अर्धा तास भिंतीकडे तोंड करून पायडल मारीत असतो. जे वाहन शरीराला इतके हितकर, तेच रस्त्यावर प्राणघातक कसे ठरले, हा प्रश्न त्या भिंतीकडे पाहता पाहता सुचला.

इ. स. १८१७ च्या जून महिन्यात जर्मनीतील मानहाइम शहरी कार्ल ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते; जमिनीला पायाने रेटा देत पुढे जावयाचे. त्यापूर्वी १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. पुढील वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली, घोड्यांना दाणा मिळेना. त्या टंचाईतूनच ही कल्पना निघाली, असे काही इतिहासकार मानतात. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग आली ती पुरुषभर उंचीच्या पुढच्या चाकाची सायकल. तिच्यावरून पडणारा बहुधा डोक्यावरच पडे, म्हणून ती धाडसी तरुणांचीच मिरासदारी राहिली.

१८८५ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आपल्या आजच्या सायकलीचा सांगाडा तोच. या प्रकाराला तेव्हा नाव पडले ‘सेफ्टी’. ज्या वाहनावर मी आज माझ्या मुलीला पाठवीत नाही, त्याचे बारशाचे नाव सुरक्षितता हे होते! तीन वर्षांनी बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले; मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता.

आता सायकल सामान्य माणसाच्या, आणि विशेष म्हणजे स्त्रियांच्या, आटोक्यात आली. वैद्यकशास्त्राने मात्र प्रथम भुवया चढविल्या. तोल सांभाळण्याच्या ताणाने जबडा आवळतो, डोळे वटारलेले राहतात आणि चेहरा कायमचा विद्रूप होतो, अशा ‘सायकली चेहऱ्या’ची भीती १८९० नंतर काही डॉक्टर छापून घालू लागले. १८९५ साली विवाह झाल्यावर मारी आणि पिएर क्यूरी हे दांपत्य मधुचंद्रासाठी सायकलींवरूनच फ्रान्समध्ये हिंडले. त्यांच्या चेहऱ्यांस काही झाल्याचे ऐकिवात नाही.

खरा निवाडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आणि त्यात आमच्या नोकरवर्गाचा वाटा मोठा आहे. लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, असे त्यांना आढळले. तसाच फरक टपाल खात्यातही दिसला : पायी वा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन एकीकडे आणि खुर्चीतील कारकून दुसरीकडे. पुढे त्यांनी पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या नऊ हजारांहून अधिक ब्रिटिश सरकारी नोकरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये आले. वेगाने सायकल चालविण्यासारखा दमविणारा व्यायाम नियमित करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी निघाले. डॉ. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले.

माझे वडील पुण्यात टपाल खात्यातच कारकून होते. वरील वर्गवारीत ते खुर्चीवाले. पण सकाळ-संध्याकाळची सायकल त्यांना वाचवीत आली असावी. पँटला क्लिप, हँडलला डबा, पुढे दांडीवर मी. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासावर भाड्याने सायकल घ्यावी, नळीखालून पाय घालून शिकावे, गुडघे फोडून घ्यावेत. दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवी. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत. गरिबाच्या वाहनावर कर! पण कर होता याचाच अर्थ सायकलीला रस्त्यावर कायदेशीर स्थान होते. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी तर १९२३ च्या ऑक्टोबरात जगप्रदक्षिणेसाठीच सायकली बाहेर काढल्या. त्यांतील तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले.

स्वातंत्र्यानंतर विलायती सायकलींची जागा देशी कारखान्यांनी घेतली : १९४९ मध्ये मद्रासला टी. आय., १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जून रोजी बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनी दोनच वर्षांपूर्वी जागतिक सायकल दिन म्हणून ठरविलेला दिवस हाच!

वाचक म्हणतील, काळाचा महिमा. मोटारी आल्या की सायकल जावयाचीच. येथे हॉलंडचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो देश मुळातच सायकलींचा, हा समज अर्धाच खरा. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी गेली. १९७२ मध्ये त्याने लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते, ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली. त्यांनी रस्ते अडविले. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाच्या टंचाईमुळे सरकारने रविवारी मोटारी बंद केल्या, तेव्हा मुले महामार्गावर सायकली घेऊन गेली. पुढील दशकांत स्वतंत्र सायकलमार्ग झाले, वस्त्यांतील मोटारींचा वेग उतरविला गेला. मोटारी राहिल्या आणि सायकलीही परतल्या.

आपल्याकडे तशी मागणी जोराने झालीच नाही. स्वारी स्कूटरवर आली की आपण सायकलवाल्याकडे वरून पाहू लागलो, हेही कबूल केले पाहिजे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली दिल्या. त्या मुलींना शाळा जवळ आली. रस्ता मात्र मोटारींच्याच ताब्यात राहिला.

१९९४ मध्ये, नोकरीला तीन वर्षे झाली असताना, कार्यालयात जाताना एका ट्रकने माझ्या हँडलला धक्का दिला. मनगट मोडले, एवढेच. माझी सायकल तेव्हा थांबली. त्या वेळी मी स्वतःलाच दोष दिला, कारण ‘नीट चालवावी’ असेच सर्वांनी सांगितले; माझ्यासाठी त्या रस्त्यावर हातभरही जागा राखलेली नव्हती, हे कोणी म्हणाले नाही, आणि मलाही सुचले नाही.

वडील बहात्तराव्या वर्षापर्यंत सायकल चालवीत होते. त्यांच्या पश्चात ती मी इकडे आणली. या श्रावणात मुलीने परस्पर टायर-ट्यूब बदलून, ऑइलिंग करून घेतले. कॉलेजला नेण्याची परवानगी मी अद्याप दिलेली नाही. रविवारी पहाटे, ट्रक सुरू होण्याआधी, ती मंडळाच्या सभागृहापर्यंत जाऊन येते. तोवर मी फाटकात उभा असतो.