ठोके सुधारले, माणसं गेली: हृदयलयीच्या एका चाचणीचा इतिहास

या मालिकेत आपण वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहतो आहोत. बहुतेक वेळा शोध कसे लागले, हे आपण पाहतो. आज थोडं वेगळं. आज एक चूक कशी सापडली, ते पाहू. ही चूक करणारे लोक अडाणी नव्हते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. उलट, त्या काळातले हुशार हृदयरोगतज्ज्ञ ज्या गोष्टीवर जवळजवळ एकमतानं विश्वास ठेवत होते, तीच खोटी ठरली. म्हणून ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

विषय आहे हृदयाचे अनियमित ठोके आणि त्यांवरची औषधं. मध्यभागी आहे अमेरिकेतली एक चाचणी: ‘कार्डिॲक अॅरिदमिया सप्रेशन ट्रायल’, थोडक्यात ‘कास्ट’. १९८७ मध्ये ती सुरू झाली आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये तिचा मुख्य भाग मध्येच थांबवावा लागला.

पण तिथं पोचायच्या आधी थोडं मागे जाऊ. हृदयातली वीज कागदावर उमटवणारं पहिलं नीट चालणारं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन इथं विलेम आइनथोवेन यांनी बनवलं. त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. आज आपण ज्याला सहज ‘ईसीजी काढला’ म्हणतो, ते हेच. पण ईसीजी म्हणजे काही सेकंदांचा फोटो. दिवसभरात हृदय काय करतं, ते त्यात दिसत नाही. ही अडचण सोडवली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी केलेलं यंत्र पाठीवर घ्यायचं आणि वजन सुमारे ३८ किलो! पुढे ते लहान होत गेलं, खांद्याला अडकवता येईल इतकं झालं. आजही डॉक्टर ‘होल्टर लावा’ म्हणतात, ते त्यांच्याच नावानं.

आता नवं यंत्र आलं की नवी गोष्ट दिसू लागते, आणि दिसू लागली की ती मोजली जाते. होल्टरमुळे मोजता आले ते मधेच येणारे जादा ठोके. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, आपली पाळी नसताना उमटणारे. तसे ते निरोगी माणसातही येतात. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांत ते जास्त दिसायचे, आणि ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात पुढच्या एक-दोन वर्षांत अचानक मृत्यूचं प्रमाणही जास्त. हे निरीक्षण खरं होतं, एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं होतं. बोस्टनचे बर्नार्ड लाऊन यांनी १९७१ मध्ये या ठोक्यांच्या पायऱ्या लावून दिल्या: कोणते साधे, कोणते धोक्याचे.

यातून एक साखळी तयार झाली. जादा ठोके आले की मृत्यूचा धोका वाढतो. औषधानं जादा ठोके थांबतात. म्हणजे औषधानं मृत्यू टळेल. ऐकायला किती सरळ वाटतं! घराला धूर दिसला तर आग विझवायची, तसं. पण धूर घालवणं आणि आग विझवणं या दोन गोष्टी आहेत, हे त्या वेळी कुणी तपासलेलं नव्हतं.

औषधंही हाताशी होती. फ्लेकेनाइडला अमेरिकेत १९८५ मध्ये मंजुरी मिळाली, एनकेनाइडला १९८६ मध्ये. ही औषधं ठोके दाबण्यात जुन्या औषधांपेक्षा खूपच सरस. कास्टच्या आधी एक छोटी पूर्वचाचणी झाली, ५०२ रुग्णांवर. तिनं एवढंच पाहिलं की कोणतं औषध जादा ठोके चांगले दाबतं. एनकेनाइड, फ्लेकेनाइड आणि मोरिसिझिन ही तीन निवडली गेली. मग अमेरिकी सरकारच्या हृदय, फुप्फुस आणि रक्त यांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या पैशातून मोठी चाचणी उभी राहिली. प्रश्न एकच: ठोके दाबले तर माणसं जास्त जगतात का?

चाचणीची रचना नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिच्यात आहे. झटका येऊन गेलेले, तासाला सरासरी सहा किंवा जास्त जादा ठोके असलेले रुग्ण घेतले. प्रत्येकाला आधी खरं औषध देऊन पाहिलं. ज्यांचे ठोके औषधानं नीट दबले, त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे औषध ज्यांना ‘लागू पडलं’, अशीच माणसं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला तेच औषध, दुसऱ्याला प्लॅसिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय, ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला.

त्या काळी अनेक डॉक्टरांना हे अन्यायाचं वाटत होतं. ठोके दाबणारं औषध हाताशी असताना अर्ध्या रुग्णांना नुसती गोळी द्यायची? लोकांचा विश्वास किती पक्का होता पाहा: चाचणीच्या मूळ आराखड्यातली गणिती कसोटी एकाच बाजूची होती. औषधानं फायदा होतो का, एवढंच विचारणारी. नुकसान होईल, ही शक्यता कुणी गंभीरपणे धरलीच नव्हती. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीनं मात्र नुकसानीच्या बाजूलाही मर्यादेची रेषा आखायला लावली.

आणि ती रेषा ओलांडली गेली. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड यांचे सविस्तर आकडे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, ते असे. औषधाच्या गटात ७५५ रुग्ण, प्लॅसिबोच्या गटात ७४३. सरासरी दहा महिन्यांत औषधाच्या गटात ६३ जण गेले, प्लॅसिबोच्या गटात २६. लयबिघाडामुळे झालेले मृत्यू, म्हणजे जे टाळण्यासाठी औषध द्यायचं तेच, ४३ विरुद्ध १६. ठोके दबले होते, होल्टरचा कागद स्वच्छ होता, आणि माणसं अडीचपट मरत होती.

तिसरं औषध मोरिसिझिन. त्याची चाचणी वेगळी पुढे चालू राहिली, आणि १९९१ मध्ये तीही थांबवावी लागली. औषध सुरू केल्यापासून पहिल्या चौदा दिवसांतच ६६५ जणांपैकी १७ जण गेले किंवा त्यांचं हृदय अचानक बंद पडलं. ते न घेणाऱ्या ६६० जणांत ३.

इथं थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ही औषधं बाजारात होती, डॉक्टर ती देत होते. मग त्यांच्या डोळ्यांना हे कसं दिसलं नाही?

याचं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. समजा एका डॉक्टरकडे असे वीस रुग्ण आहेत. औषध नसतं तर दहा महिन्यांत त्यातला साधारण एखादा गेला असता. औषधानं दोघं जातील. एकाचे दोन झाले, ते कुणाच्या लक्षात येणार? शिवाय हे रुग्ण मुळातच गंभीर. त्यातला कुणी अचानक गेला, तर नातेवाईक म्हणणार, हृदयच कमजोर होतं. डॉक्टरही तेच म्हणणार. औषधावर कुणी बोट ठेवणार नाही. आणि जे जिवंत आहेत, ते परत तपासणीला येणार, कागदावर ठोके कमी दिसणार, डॉक्टर म्हणणार, उत्तम! गेलेला माणूस परत येऊन सांगत नाही. म्हणून कितीही अनुभवी डॉक्टर असला, तरी हे नुकसान खाटेशेजारी उभं राहून दिसणं शक्यच नव्हतं. ते दिसायला दोन सारखे गट लागतात, आणि दोन्हींतले मृत्यू मोजावे लागतात.

औषधानं असं का केलं? ही औषधं हृदयाच्या स्नायूतली वीज पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. निरोगी स्नायूत सहसा त्यानं फार बिघडत नाही. पण झटक्यानंतर स्नायूत वण राहतो. कुरणातला वणवा डोळ्यांसमोर आणा. तो एका दगडी टेकडीला वळसा घालून जातो. भरभर गेला तर परत पहिल्या जागी येईतो तिथं नुसती राख असते, आणि तो विझतो. पण रेंगाळत गेला तर तेवढ्यात मागे गवत पुन्हा उगवलेलं असतं, आणि आग गोल गोल फिरत राहते. वणाभोवती वीज अशीच फिरायला लागली की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. जादा ठोक्यांची ठिणगी औषधानं कमी केली, पण वणव्याला रस्ता करून दिला.

आता या इतिहासातला सगळ्यात टोचणारा भाग. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्केनाइड नावाच्या अशाच एका औषधाची छोटी चाचणी झाली होती, ९५ रुग्णांवर. औषधाच्या गटात ९ मृत्यू, दुसऱ्या गटात १. संशोधकांना तो योगायोग वाटला. औषध व्यापारी कारणांनी मागे पडलं आणि अभ्यास प्रसिद्ध झालाच नाही. तो छापला गेला १९९३ मध्ये, कास्टनंतर, आणि लेखकांनी स्वतःच मथळ्यात त्याला प्रकाशनातल्या पक्षपाताचं उदाहरण म्हटलं. तो आधी छापला असता तर धोक्याची घंटा आधी वाजली असती, असं त्यांनीच लिहिलं. खोटेपणा कुणी केला नव्हता. फक्त एक नकोसा निकाल फायलीत राहिला.

दुसरीकडे, उत्तर वेगळ्या वाटेनं आधीच आलेलं होतं. १९८२ मध्ये प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरची ३,८३७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर ते घेणाऱ्यांत ७.२ टक्के गेले, प्लॅसिबोवर ९.८ टक्के. गंमत अशी, की जादा ठोके दाबण्यात बीटा ब्लॉकर काही फार पटाईत नाहीत. कागद तितका स्वच्छ होत नव्हता, पण माणसं जगत होती.

कास्टनंतर एनकेनाइड बाजारातून गेलं. फ्लेकेनाइड टिकलं, पण झटका येऊन गेलेल्यांना ते देऊ नये, हा नियम पक्का झाला. वरच्या कप्प्यांची लय बिघडलेल्या, पण हृदयाची रचना चांगली असलेल्या रुग्णांत ते आजही उपयोगी पडतं. म्हणजे औषध ‘वाईट’ नव्हतं. कुणाला द्यायचं, हे न तपासता ठरवलं होतं. खालच्या कप्प्यांच्या जीवघेण्या लयीसाठी मिशेल मिरोव्स्की यांचं शरीरात बसवायचं, झटका देऊन लय परत आणणारं यंत्र १९८० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं होतं. १९९७ मधल्या एका मोठ्या चाचणीनं ते अशा रुग्णांत औषधांपेक्षा जास्त जीव वाचवतं, हे दाखवलं. तिथंही मोजले ते मृत्यूच, नुसते ठोके नव्हेत.

आणि फायलीतल्या निकालांचं काय? पुढे नियम झाला, की चाचणी सुरू करायच्या आधी तिची जाहीर नोंद करायची, म्हणजे नकोसा निकाल लपवणं अवघड होईल. भारतात अशी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. आपल्या गावातल्या रुग्णालयात कसली चाचणी चालू आहे, हे आपणही शोधू शकतो.

रिपोर्ट सुधारला की आपण सुटकेचा श्वास सोडतो: साखर खाली आली, ठोके नीट झाले. त्यात चूक काही नाही, आणि चालू असलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नये, हेही इथं स्पष्ट सांगतो. पण डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: यानं आकडा सुधारतो, की आयुष्य? चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही.

राहता राहिली ती माणसं. ७४३ जणांनी प्लॅसिबोचा धोका पत्करला, असं त्या वेळी वाटत होतं. खरा धोका पत्करला होता तो दुसऱ्या ७५५ जणांनी, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांतल्या लोकांनी आपलं नाव चिठ्ठीत टाकू दिलं, म्हणून त्यांच्यानंतरच्या असंख्य रुग्णांच्या हातात ती गोळी पडली नाही. वैद्यकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं राहतात. या लोकांची राहिली नाहीत, पण आज झटक्यानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीत त्यांचा वाटा आहे.