पेंटर, बाबूराव
(३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४). महाराष्ट्रातील स्वयंशिक्षित चित्रकार, शिल्पकार आणि मूकपटयुगातील अग्रगण्य चित्रपट-दिग्दर्शक. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूर येथे एका कारागीर कुटुंबात. कलाशाळेतील शिक्षण त्यांना लाभले नाही. घरच्या कारागिरीच्या वातावरणात त्यांचा हात तयार झाला आणि वास्तववादी चित्रण व मूर्तिकला त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आत्मसात केली. व्यवसायावरून पडलेले ‘पेंटर’ हेच पुढे त्यांचे आडनाव ठरले.

त्यांच्या कारकीर्दीचा प्रारंभ रंगभूमीच्या पडद्यांपासून झाला. चुलतबंधू आनंदराव पेंटर यांच्यासह १९१० ते १९१६ या काळात त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे विशेष नावाजले गेले. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटानंतर दोघेही चित्रपटाकडे आकृष्ट झाले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला व त्याचबरोबर स्वतःचा कॅमेरा तयार करण्याची खटपट आरंभिली. आनंदराव १९१६ मध्ये निधन पावले. त्यांचे अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तडीस नेले. तानीबाई कागलकर यांचे अर्थसाहाय्य आणि छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय यांच्या बळावर ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिचा सैरंध्री हा मूकपट १९२० मध्ये पुणे येथे प्रदर्शित झाला.

बाबूरावांच्या दिग्दर्शनामागे चित्रकाराची दृष्टी होती. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली व दृश्यरचना यांची रेखाटने ते आधी करीत. पडदे रंगविण्यात हातखंडा असूनही चित्रपटात त्यांनी रंगविलेल्या सपाट पार्श्वभूमीचा त्याग केला व घनाकार नेपथ्य उभारले. सिंहगड (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. सावकारी पाश (१९२५) या मूकपटात त्यांनी पौराणिक व ऐतिहासिक कथानके बाजूस ठेवून कर्जबाजारी शेतकऱ्याची शोकांतिका मांडली. त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

कलाशाळेत न गेलेल्या बाबूरावांची कार्यशाळा इतरांची शाळा ठरली. दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे तेथेच घडले. मात्र १९२९ मध्ये त्यांनी बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. हे सहकारी गेल्यानंतर मूळ संस्था फार काळ टिकली नाही. बोलपटाच्या काळात बाबूरावांनी उषा (१९३५), सावकारी पाश (१९३६) व प्रतिभा (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. लोकशाहीर रामजोशी (१९४७) याच्या दिग्दर्शनातही त्यांचा सहभाग होता. तथापि मूकपटकाळातील अग्रस्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. चित्रकला व शिल्पकला यांची साधना त्यांनी चित्रपटांबरोबरच चालू ठेवली. कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाचा अंदाज छायाचित्रे, भित्तिपत्रके व समकालीनांच्या आठवणी यांवरून बांधावा लागतो. पडदा, कॅमेरा व मूर्ती ही त्यांची माध्यमे भिन्न होती. परंतु प्रत्येक वेळी नव्या माध्यमाचे तंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी हस्तगत केले. हे स्वावलंबन व वास्तवाची ओढ यांमुळेच मराठी चित्रपटाच्या जडणघडणीत त्यांचे स्थान मूलभूत मानले जाते.