कातडी उरलीच नसेल तर?

सत्तर-ऐंशीच्या दशकातले मराठी पेपर ज्यांनी वाचलेत त्यांना ही बातमी पाठ असेल. आतल्या पानावर, दोन बोटांएवढी: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. भडका खरंच उडाला होता की उडवला होता, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर एक स्वतंत्र पोस्ट लिहायची आहेच. आज दुसऱ्याच गोष्टीकडे बघू. त्या बातमीत बऱ्याचदा एक ओळ असायची, की ती चार दिवसांनी, आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी गेली. आगीतून वाचलेलं माणूस नंतर का जातं?

कारण कातडी ही शरीराची भिंत आहे. ती पडली की आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. भिंत परत उभी राहीपर्यंत माणूस तग धरेल का, एवढाच प्रश्न असतो.

कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेच्या चाकरीत असताना टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला होता. पुण्याजवळच्या, वीटकामाचा पिढीजात धंदा असलेल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्यावर नाकाचं माप घेतलं, तो पत्रा कपाळावर पसरून कातडी आखली, कापली आणि खाली वळवली. दोन भुवयांमधली एक पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त मिळत राहील. जोडावर काय लावलं? पाण्यात कालवलेला काथ, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून. हो, विड्यातला काथ! दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मासिकाने कावसजीचं नाव छापलं, चित्र छापलं, पण नाक करणाऱ्याचं नाव काही दिलं नाही. असो.

अभिमानाच्या फॉरवर्डमध्ये ही गोष्ट इथेच संपते. मला पुढची अडचण महत्त्वाची वाटते. नाकापुरती कातडी कपाळावर सापडते. निम्म्याहून जास्त अंग भाजलेल्या बाईची कातडी कुठून आणायची?

हाच प्रश्न बोस्टनच्या जॉन बर्क या सर्जनपुढे होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि तिथली श्रायनर्स ही मुलांची भाजलेल्यांची संस्था, हे त्यांचं कामाचं ठिकाण. जळालेली मेलेली कातडी अंगावर ठेवली की ती सडते, म्हणून ती लवकर कापून काढायची, असा त्यांचा आग्रह. पण काढल्यावर झाकायचं कशाने? मृत माणसाची कातडी लावली तर शरीर ती दोन-तीन आठवड्यांत नाकारतं. बर्कनी काही मुलांवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही वापरून पाहिली. ज्या मुलाला जंतूंचाच धोका, त्याचीच प्रतिकारशक्ती दाबायची! यावरून निकड किती होती ते कळेल.

१९७० च्या सुमारास ते नदीपलीकडच्या एमआयटीत इओआनिस यानास यांना भेटले. यानास मूळचे अथेन्सचे, काम धागे आणि पॉलिमर यांच्यावर. डॉक्टर नव्हेत. सुरुवातीला त्यांना फक्त जखम लवकर बंद करणारं आच्छादन हवं होतं. साहित्य निवडलं ते असं: गाईच्या कातड्यातून काढलेलं कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतून काढलेलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट.

दोन कशाला, एक पुरलं नसतं का? नुसतं कोलॅजेन जखमेत फार लवकर विरघळतं. त्यात दुसरा पदार्थ मिसळला की ते चिवट होतं, टिकतं आणि त्यातली छिद्रं मोकळी राहतात. पुढे जाऊन हे मिश्रण ग्लुटराल्डिहाइडने पक्कं केलं. चामडं कमावायलाही हे रसायन वापरतात. चांभारवाड्यातली आणि प्रयोगशाळेतली विद्या इथे हातात हात घालते, आणि मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात आवडती जागा आहे. फरक एवढाच की चपलेचं चामडं जन्मभर टिकायला हवं आणि हे साधारण दोन आठवडे टिकून मग विरायला हवं. कमी कमावलं तर आधीच जातं, जास्त कमावलं तर व्रण होतो.

छिद्रं पाडायची युक्तीही साधी. मिश्रण गोठवायचं, त्यात बर्फाचे स्फटिक होतात. मग निर्वातात तो बर्फ पाणी न होता थेट वाफ करून उडवायचा. जिथे बर्फ होता तिथे पोकळी उरते. स्पंजच म्हणा. पोकळीचं माप साधारण २० ते १२० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आगेमागे. याहून बारीक असेल तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असेल तर त्यांना धरायला पुरेशी जागा मिळत नाही.

गिनीपिगवर लावल्यावर वेगळंच दिसलं. काही नमुन्यांनी जखम लवकर बंद केलीच नाही, उलट ती आक्रसण्याचं काम लांबवलं. हरल्यासारखंच की! पण खाली पाहिलं तर व्रणाऐवजी नवी अंतस्त्वचा तयार होत होती. भाजलेली मान छातीला चिकटलेली, बोटं आखडलेली माणसं आपण पाहिलेली असतात. जखम आक्रसून बंद होते म्हणून ते होतं. ते टाळायची वाट इथे सापडली.

इमारत बांधताना परांची लावतात, गवंडी तिच्यावर चढून भिंत रचतात, काम झालं की परांची उतरवतात. हे तसंच. इंग्रजी नाव स्कॅफोल्डसुद्धा त्यावरूनच. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्या जाळीत शिरतात, आपलं कोलॅजेन विणतात आणि जाळी विरून जाते. वर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा असतो, तो दोन-तीन आठवड्यांनी सोलून रुग्णाच्याच त्वचेचा अगदी पातळ थर बसवतात. थर पातळ घेतल्यामुळे ती जागा लवकर भरते आणि तिथूनच पुन्हा घेता येतो.

१९८१ साली दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. ५० ते ९५ टक्के अंग भाजलेली माणसं होती ती. अमेरिकेत बाजारात आणायची परवानगी मिळायला १९९६ उजाडलं, नाव इंटिग्रा. आणि ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ हा शब्द? तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागला, १९९३ च्या लँगर आणि व्हॅकांटी यांच्या लेखाने सर्वतोमुखी झाला. आधी काम झालं, बारसं मागून. नव्या त्वचेला केस येत नाहीत, घामाच्या ग्रंथीही नसतात, हेही सांगायला हवं. उन्हाळ्यात त्या माणसाचे हाल होतात. हाडासाठी कोलॅजेन आणि कॅल्शियमचे क्षार, कोळंबीच्या टरफलातलं कायटोसान, रेशमाची प्रथिनं, असा पसारा पुढे वाढला.

आता आपल्याकडे या. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. आणि इंटिग्राची किंमत आपल्या सरकारी वॉर्डाला परवडणारी नाही. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी स्वयंपाकघर धुंडाळलं. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून निर्जंतुक पट्ट्या केल्या, १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं वापरली. पट्टी जखमेला चिकटत नाही, बदलताना रुग्ण किंचाळत नाही, खर्च नगण्य. याला हसणाऱ्यांनी एकदा भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंगच्या वेळी उभं राहावं.

पण साल आणि पान ही झाकणं आहेत, परांची नव्हे. वरवरच्या भाजण्याला पुरतात, खोल जखमेत नवी अंतस्त्वचा उभी करत नाहीत. तिथे देशी परांचीच लागणार. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने कोलॅजेनच्या पट्ट्यांवर काम केलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून केलेल्या ‘कोलेडर्म’ला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. गाय, डुक्कर ही नावं वाचून काहींच्या भुवया उंचावतील. रुग्णाला आधी सांगावं, त्याचं त्याला ठरवू द्यावं, एवढंच माझं म्हणणं. मंजुरीनंतरचा प्रश्न जास्त अवघड आहे: जिल्हा रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीत हे येणार कधी? आपल्या आमदारांना विचारायला हरकत नाही.

तोवर बर्कच्या वेळचा जुना उपाय आहेच, मृत व्यक्तीची त्वचा. दोन-तीन आठवडेच टिकते, पण तेवढ्यात जीव वाचतो. सायनच्या रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावं लागतं. रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा फक्त पातळ वरचा थर घेतात, देह विद्रूप होत नाही, अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत ठेवता येते. आपल्या जवळची त्वचापेढी कुठली, तिचा नंबर काय, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी खाली लिहा.