रिमोट ऑइल फिल्टर
इंजिनाच्या ब्लॉकवरचा ऑइल फिल्टर तिथून काढून दोन होज पाइपांच्या आधारे चेसिसवर किंवा बॉनेटखालच्या मोकळ्या जागी बसवण्याची व्यवस्था. फिल्टरचे काम तेच, जागा दुसरी. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन चढवले आणि फिल्टर स्टिअरिंगला किंवा चेसिसला अडू लागला, की ही जोडणी लागते.

ऑइल पंप इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑइल उचलून फिल्टरमार्गे गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगांकडे ढकलतो. रिमोट जोडणीत ब्लॉकवर फिल्टरच्या जागी अडॅप्टर बसतो, दुसऱ्या टोकाला फिल्टरचे हेड. फसगत होते ती आट्यांत. ३/४ इंच (इंचाला १६ आटे) आणि २० मिमी (१.५ मिमी पिच) हे आटे नजरेला सारखेच वाटतात. पण २० मिमीचा फिल्टर ३/४ इंची निपलवर ढिला चढतो आणि दाब आला की निसटू शकतो. दुसरी चूक पाइपांच्या अदलाबदलीची. फिल्टरच्या कडेच्या बारीक छिद्रांतून ऑइल आत जाते, मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडते. पाइप उलटे जोडले तर आतला एकमार्गी रबरी पडदा ऑइल अडवतो. बेअरिंग कोरडे पडून इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

होज ऑइलचा दाब आणि उष्णता सोसणारा हवा. पाण्याचा पाइप इथे चालत नाही. होज सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवावा, पत्र्याला घासेल तिथे क्लॅम्प मारावा. जोडणीनंतर डिझेल बंद ठेवून, दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. मग इंजिन चालू करून गळती पाहावी, आणि बंद केल्यावर डिपस्टिक. पाइपांत ऑइल राहते, त्यामुळे पातळी उतरलेली दिसतेच. तेवढे वर घालावे.

ही जोडणी प्रत्येक इंजिनाला लागतेच असे नाही; ऊस ओढणारा ट्रॅक्टर हे त्याचे उदाहरण. बीड जिल्ह्यात इंजिनाची खरी कसोटी ऊसवाहतुकीत लागते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. जिल्ह्यातले ट्रॅक्टरही दोन ट्रॉल्या ओढत गाळप संपेपर्यंत धावतात. अशा ट्रॅक्टरला ही जोडणी सहसा अनावश्यकच: बहुतेक मॉडेलांत फिल्टर इंजिनाच्या बाजूलाच, पट्टा-पाना सहज पोहोचेल असा असतो. उलट प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची नवी जागा. धुळीविरुद्धही तिचा उपयोग नाही: फडातल्या वाटेवरची धूळ मुळात हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. तिला अडवायचे काम एअर क्लीनरचे, ऑइल फिल्टर कुठेही बसवला तरी. एअर क्लीनर ऑइल-बाथ प्रकारचा असेल तर त्याची ऑइलची वाटी हंगामात रोज उघडून पाहावी लागते. तळाशी चिखल साचला असेल तर ऑइल फेकून वाटी डिझेलने धुतात आणि नवे ऑइल खुणेपर्यंतच भरतात. खुणेच्या वर गेलेले ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते.