कम्युनिटी कॉलेजला वसतिगृह हवे का?

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचं, दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज. तिथून पुढे अनेक मुलं विद्यापीठात जातात. इलिनॉयमधलं जोलिएट कॉलेज 1901 मध्ये सुरू झालं. मुलं घरूनच येणार असं धरून चालल्याने बहुतेक ठिकाणी वसतिगृह बांधलंच नाही.

आता मात्र फीपेक्षा घरभाडं जड झालंय. कॅलिफोर्नियात काही विद्यार्थी गाडीत रात्र काढतात. तिथल्या ऑरेंज कोस्ट कॉलेजने 2020 मध्ये सुमारे 800 जणांचं वसतिगृह उघडलं; 2021 मध्ये राज्याने अशा बांधकामासाठी अनुदान योजना आणली. विरोधक विचारतात, खोल्या रिकाम्या राहिल्या तर कर्ज कोण फेडणार? बायकामुलं असलेल्या विद्यार्थ्याला एका खाटेचा काय उपयोग?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. फी माफ झाली तरी खेड्यातल्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा लागतेच.

म्हणून आम्ही म्हणतो, वसतिगृह हवंच, पण गरिबाला परवडेल अशा भाड्याचं. मुलांना तिथे पाठवणाऱ्या आईवडिलांनीही फीबरोबर राहण्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा.