नव्या मुंबईची उभारणी : कामांचा क्रम आणि त्याचें मोल

'घर पाहावें बांधून' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारिली, त्याला गवंड्याच्या कसबाविषयीं शंका नसावी. भिंत बांधणारा आपल्याकडे कधींच दुर्मिळ नव्हता. घर बांधणाऱ्याची झोप उडते ती निराळ्याच कारणानें. चुना येऊन पडला तर विटा आलेल्या नसतात, विटा आल्या तर गवंडी गांवीं गेलेला असतो, आणि तो परतला म्हणजे सुतारानें चौकटी दिलेल्या नसतात. एका घराची ही गत, तर ९५ गांवांच्या भूमीवर अख्खें शहर बांधावयास निघालेल्यांची काय झाली असेल ? नव्या मुंबईचा अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. त्या शहराची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत, उणीं काढणारेहि पुष्कळ आहेत. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, कोणतें काम आधीं झालें, कोणतें मागें राहिलें, आणि त्या मागेंपुढें होण्याची किंमत कोणीं भरली.

मुंबईला हा धडा पूर्वीं एकदां मिळालेला होता. १९२० च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत विकासखातें स्थापन झालें. बॅक बेचा समुद्र हटवून सुमारें ११४५ एकर जमीन निर्माण करावी आणि कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधाव्या, असा त्याचा संकल्प होता. समुद्राच्या तळाचा किती गाळ भरणीस मिळेल, तो उपसणारें यंत्र किती उपसा करील, याचे अंदाज चुकले. खर्चाचे आंकडे फुगत गेले. आणि अखेर योजनेचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. खुर्शेद नरिमन यांनीं या कारभारावर टीकेची झोड उठविली, तेव्हां त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, आणि तींतून ते निर्दोष सुटले. खोल्यांपैकीं सुमारें सोळा हजार बांधून झाल्या, त्या नायगांव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथील २०७ चाळींत. वरळीच्या बऱ्याच खोल्यांना तर सुरुवातीस भाडेकरूच मिळेनात. गिरणी एकीकडे आणि खोली दुसरीकडे, असा तो प्रकार होता.

पुढें १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' नियतकालिकांतून एक साधी पण धाडसी कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे शेपटासारखी लांबत चालली आहे, ती खाडी ओलांडून पूर्वेस न्यावी, म्हणजे मूळ बेटावरचा भार हलका होईल. त्याच सुमारास नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ समितीचा कौलहि खाडीपलीकडील विस्ताराच्या बाजूनेंच पडला. १७ मार्च १९७० रोजीं शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडीं असलेली 'सिडको', जन्मास आली. तेव्हांच्या ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्या हवालीं झालें. त्यांतील सुमारें निम्मी जमीन खासगी मालकीची होती. बाकीची सरकारी व मिठागरांची. वस्तीचें उद्दिष्ट होतें वीस लाखांचें, आणि सरकारनें दिलेलें मूळ भांडवल सुमारें चार कोटींचें !

एवढ्याशा भांडवलावर शहर उभारण्याची जी युक्ति योजिली गेली, ती मोठी चतुर होती. शेतीच्या भावानें जमीन घ्यावयाची, ती भरून, रस्ते, पाणी व वीज देऊन शहराच्या भावानें विकावयाची, आणि आलेल्या पैशांतून पुढची जमीन सुधारावयाची. सरकारी तिजोरीस तोशीस नाहीं व कर्जाचा डोंगरहि नाहीं. परंतु या युक्तीच्या पोटांतच तिची अडचण होती. भूखंड विकला जावयाचा तर तेथें पोहोंचतां आलें पाहिजे. पोहोंचावयाचें तर पूल व रेल्वे हवी, आणि रेल्वे दिल्लीच्या ताब्यांत. रोजगार हवा, तर कचेऱ्या हलल्या पाहिजेत, आणि त्यांचा निर्णय मंत्रालयांत व्हावयाचा. साऱ्या शहराचा आराखडा एका हातीं आणि त्याच्या किल्ल्या मात्र दुसऱ्यांच्या कमरेला, अशी ही रचना होती. तिकडे ब्राझीलनें १९५६ ते १९६० या चार वर्षांत ओसाड पठारावर ब्राझिलिया ही राजधानी उभी केली. तेथें राष्ट्राध्यक्षाचा हुकूम व राष्ट्राची तिजोरी एकत्र होती. कर्जाचें ओझें मात्र त्या देशानें पुढें पुष्कळ वर्षें वाहिलें. त्या मार्गाचा हेवा करावा असें आम्हांस वाटत नाहीं.

वाशीचा पहिला पूल १९७३ मध्यें वाहतुकीस खुला झाला. त्याच्या काँक्रीटच्या पोटांत ताणून बसविलेल्या तारांना खाडीच्या खाऱ्या हवेनें लवकरच गंज धरला, डागडुजीचें सत्र सुरू झालें, आणि १९९० नंतरच्या दशकांत शेजारीं दुसरा पूल उभा राहिला. तरीहि पूल आधीं झाला ही गोष्ट चांगलीच झाली. पूल झाला, वाशीस घरें झालीं, १९८० च्या सुमारास कांदा-बटाट्याचा घाऊक बाजारहि मुंबईहून तेथें आला. पण ज्या कचेऱ्यांच्या भरंवशावर बेलापुरास शहराचें हृदय आंखलें होतें, त्या मात्र आल्या नाहींत. कोंकण भवन तेथें उभें राहिलें. मंत्रालय जागचें हललें नाहीं. त्याच वर्षांत बॅक बेच्या भरणीवर उंच उंच कचेऱ्या चढत होत्या. ज्या भरणीवरील टीकेपायीं नरिमन यांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें, तिच्याच टोकाला 'नरिमन पॉइंट' हें त्यांचें नांव मिळालें, आणि बेलापूरच्या वाट्याचा रोजगार त्याच पॉइंटनें अडवून धरला. एका सरकारनें एकाच वेळीं दोन विरुद्ध दिशांना बांधकाम करावें, याहून अधिक बोलका पुरावा कोणता हवा !

सिमेंटची कथा वेगळीच. त्या काळांत सिमेंट परवान्यावर मिळत असे. भूखंड ताब्यांत आहे, नकाशा मंजूर आहे, मजूर बसून आहेत, आणि गोणींचा कोटा मात्र आलेला नाहीं, हा अनुभव त्या पिढीच्या कोणाहि बांधकाम करणाऱ्यास परिचयाचा होता. सिमेंटच्या वाटपाचें प्रकरण इतकें चिघळलें कीं, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्यें पायउतार व्हावें लागलें. लगेच फेब्रुवारींत सिमेंटवरील नियंत्रण अंशतः सैल झालें व १९८९ मध्यें पूर्ण उठलें. टंचाई ही नुसती वस्तूची नसते. ती कामाचा क्रम ठरविण्याची सत्ता परवाना देणाऱ्याच्या हातीं नेऊन ठेवते.

रेल्वेचा प्रश्न शेवटीं सुटला तो पैशानें. मानखुर्दहून खाडी ओलांडून येणाऱ्या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वांटा सिडकोनें उचलण्याचें कबूल केलें आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेनें. ९ मे १९९२ रोजीं पहिली लोकल वाशीस पोहोंचली. पुलानंतर एकोणीस वर्षें ! त्या एकोणीस वर्षांत जीं कुटुंबें तेथें राहावयास गेलीं, त्यांच्या कर्त्या पुरुषांनीं व नोकरी करणाऱ्या स्त्रियांनीं बसच्या रांगेंत किती तास घालविले, याची नोंद कोणत्याहि अंदाजपत्रकांत सांपडणार नाहीं. रेल्वे येतांच घरांना गिऱ्हाईक आलें. विस्तीर्ण स्टेशनांवर व्यापारी इमारती उभारून खर्च वसूल करण्याची कल्पना मात्र दाद देण्याजोगी होती. वाशीचें स्टेशन पाहून मुंबईकर प्रथम चकित झाले ते त्यामुळेंच.

आतां सर्वांत कठीण भागाकडे वळूं. शेतीच्या भावानें घेतलेली जमीन शहराच्या भावानें विकावयाची, हें ज्या गणितांत बसलें होतें, त्या गणितांत शेतकऱ्याचें स्थान कोठें होतें ? भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडींतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना आपल्याच शेताचा भाव दहा वर्षांत कोठें गेला हें डोळ्यांनीं दिसत होतें. उरण तालुक्यांतील जासई गांवचे पुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. या रक्तानंतर सरकारास एक तत्त्व मान्य करावें लागलें. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी सुधारलेली जमीन मूळ मालकास परत द्यावी, तें हें तत्त्व. १९९० च्या सुमारास तें सर्व क्षेत्रास लागू झालें. जें आराखड्याच्या पहिल्या पानावर असावयास हवें होतें, तें वीस वर्षांनीं पुरवणींत आलें. तोंपर्यंत कुटुंबें वाढलीं, गांवठाणें अपुरीं पडलीं, आणि संपादित जमिनीवरच लोकांनीं घरें बांधलीं. सरकारी कागदांत तीं 'अनधिकृत'. गांवकऱ्यांच्या बोलण्यांत 'गरजेपोटीं बांधलेलीं'. आम्हांस दुसरा शब्द अधिक खरा वाटतो. रस्ता आंखलेल्या जागीं घर उभें आहे म्हणून आजहि काम अडतें, आणि अडविणाऱ्यास दोष देणें सोपें असतें. मोबदला आधीं आणि मोजणी मागून झाली असती, तर तें घर बहुधा दुसऱ्या जागीं उभें असतें.

पुढील पिढीची कामें यंत्रांनीं झालीं, तरी चाल फारशी बदलली नाहीं. बेलापूर ते पेंधर हा ११ किलोमीटरांचा मेट्रोमार्ग २०११ मध्यें सुरू झाला. मध्यंतरीं कंत्राटदार बदलावे लागले. गाडी धांवली १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं. विमानतळाच्या बाबतींत मात्र एक क्रम सुधारलेला दिसतो. सुमारें ११६० हेक्टरांच्या त्या कामासाठीं उलव्याचा डोंगर कापावा लागला, नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गांवें उठवावीं लागलीं. तेथें साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा करार आधीं ठरला आणि कोनशिला मागाहून, १८ फेब्रुवारी २०१८ रोजीं, बसली. साडेबारावरून साडेबावीसवर येण्यास गोळीबारानंतर जवळजवळ तीस वर्षें लागलीं. आणि २०२१ मध्यें या विमानतळास दि. बा. पाटील यांचें नांव द्यावें म्हणून पुन्हां हजारो लोक रस्त्यावर उतरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें, २५ डिसेंबरपासून विमानें उडूं लागलीं. मुंबईच्या जुन्या विमानतळाला या नव्या विमानतळाशीं जोडावयाच्या मेट्रोचें काम उद्घाटनाच्या त्या दिवशीं सुरू व्हावयाचें होतें.