लुगडं घोट्यापर्यंत आलं तेव्हा

आपल्या लग्नात पोरगा निळा कोट घालून उभा राहिला की ‘आला सूटबूटवाला’ म्हणून हसणारे अजून आहेत. त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी लिहितोय.

डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेत मनुस्मृती जाळली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांविषयी बोलले, हे मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतं. लुगडं नेसायची तुमची तऱ्हा ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती सोडा. गळ्यातल्या गळसऱ्यांचा आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या दागिन्यांचा भार उतरवा. कपडा फाटका चालेल, पण स्वच्छ हवा. बायकांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत नेसली!

याला ‘संस्कृतीकरण’ म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. श्रीनिवासांच्या मांडणीत खालची जात वरच्यांचे विधी उचलते. इथे तर त्यांचा ग्रंथच पेटवला होता. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेताची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने नेमून दिलेत. पोशाख ही आवडनिवड नव्हती, हुकूम होता.

त्याच सुमारास इंदूरकडच्या गावांत सवर्णांनी बलाईंना बजावलं: जरीकाठाची पगडी नको, रंगीत काठाचं धोतर नको, बायकांच्या अंगावर सोनंचांदी नको. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलना’त हे नोंदवलंय. बलाईंनी ऐकलं नाही. मग विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, आणि कित्येकांना बायकापोरांसह गाव सोडावं लागलं.